मदत हवी आहे: तरुण संघासाठी ख्रिस्ती सिनेमे, पण शेवटी सगळंच गोड न होणारे

मिरजेत आमच्या चर्चच्या तरुण संघात आठवी ते बारावीची वीसेक पोरं आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी हॉलमध्ये चादर ताणून प्रोजेक्टरवर सिनेमा लावतो. भडंग माझ्याकडून. (निम्मी गर्दी त्याचीच, कल्पना आहे.)

आधी १९७९चा 'जीझस' मराठीत दाखवला. लूककृत शुभवर्तमानावरचा. मागे आज्या डोळे पुसत होत्या आणि पोरांचे मोबाईल बाकाखाली. "शब्बाथ शाळेपासून पाठ आहे दादा."

मग 'फेसिंग द जायंट्स' (२००६). डोळे बांधून, पाठीवर गडी घेऊन रांगायच्या सीनला शिट्ट्या पडल्या. पण त्यात हरणारी टीम जिंकते, कोचला गाडी मिळते, मूल होत नव्हतं तेही होतं. संपल्यावर चादर काढत होतो, तेव्हा नववीतली एक मुलगी घडी घालू लागली. टोकं जुळवता जुळवता म्हणाली, "आम्ही पण पप्पांसाठी उपवास-प्रार्थना केली होती की." तिचे वडील मागच्या वर्षी गेले. मला काही सुचलं नाही, नुसती घडी घातली.

तेव्हापासून असा सिनेमा शोधतोय, ज्यात मागितलेलं मिळत नाही तरी माणूस विश्वासात टिकतो. डोक्यात दोन आहेत. 'सोल सर्फर' (२०११): हवाई बेटांवरची बेथनी हॅमिल्टन सर्फिंग (फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणं) करायची, तिचा डावा हात २००३ मध्ये शार्कने तोडला, तेव्हा ती १३ वर्षांची. हात काही परत येत नाही, ती मात्र महिन्याभरात पुन्हा लाटांवर. अडचण एकच, समुद्रावरचे कपडे; पाळकसाहेबांना आधी दाखवावा लागेल. दुसरा 'चॅरियट्स ऑफ फायर' (१९८१). १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी, प्रभूच्या दिवशी, धावायचं नाही म्हणून धावपटू एरिक लिडेलने १०० मीटरची शर्यत सोडली, ४०० मध्ये सुवर्ण घेतलं. मला खरं तर पुढचं सांगायचंय: तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या कैदछावणीत, ४३व्या वर्षी वारला. पण सिनेमा संथ आहे, पोरं झोपतील का?

हिंदी किंवा मराठी आवाजातलं काही माहीत आहे का? बरीच पोरं मराठी माध्यमाची, इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत सीन पुढे जातो. दोन तासांच्या आत बसलं तर उत्तम, साडेआठनंतर आयांचे फोन सुरू होतात. आणि ओटीटीचं घरचं सबस्क्रिप्शन हॉलमध्ये वापरणं बरोबर नाही, तर रीतसर परवानगी कुणी काढली आहे का, कुणाकडून?

अशा पोरांशी सिनेमानंतर कुणी बोललं असेल, तर पहिलं वाक्य काय होतं तेही लिहा. ती मुलगी पुढच्या शनिवारीही येणार आहे.