सर्पदंशाने किती माणसं मरतात? घरोघर विचारून काढलेला आकडा मानायचा की नाही

गिरणाकाठ (भडगाव):
मी 31 वर्षं आरोग्य खात्यात काढली, त्यातली शेवटची बारा आरोग्य सहायक म्हणून. परवा आमच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं मरतात. लगेच एकाने दवाखान्यांची सरकारी नोंद दाखवली, ती याच्या कितीतरी खाली. मग सुरू झालं, "हे अभ्यासक घरबसल्या आकडे बनवतात."

मला ते लागलं. कारण त्या खालच्या आकड्याच्या वह्या मीच भरल्या आहेत.

भादव्यातली गोष्ट सांगतो. एका शेतावरचा सालदार, वय असेल चाळीसच्या आत. कपाशीत वखर धरलेला असताना त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. मालकाने मोटारसायकलवर मधे बसवून आधी भगताकडे नेलं, तिथून तालुक्याकडे निघाले आणि वाटेतच तो गेला. परत आणून संध्याकाळच्या आत अग्नी दिला. दवाखान्याच्या वहीत तो नाही, कारण तो दवाखान्यात पोचलाच नाही. पोलिसांत नाही, कारण पीएम (शवविच्छेदन) झालं नाही. ग्रामपंचायतीत महिनाभराने नोंद झाली, कारणाचा रकाना कोरा. आमच्याकडे म्हणतात, "मानूस मरी जास तवय कागद कोन दखस?"

असा माणूस मोजायचा कसा? देशात 'दशलक्ष मृत्यू अभ्यास' झाला, डॉ. प्रभात झा यांच्या पुढाकाराने. जनगणना खात्याच्या नमुना नोंदणी योजनेतली घरं धरली. मयताच्या घरी माणूस जाऊन बसला. काय झालं, किती वेळात झालं, अंगावर काय दिसलं हे त्याने घरच्यांच्या भाषेत लिहून घेतलं. तो कागद दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचला आणि कारण ठरवलं. जुळलं नाही तर पुन्हा बघितलं, तरी जुळलं नाही तर तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे दिलं. 2001 ते 2003 मधले सुमारे 1 लाख 23 हजार मृत्यू असे तपासले. त्यात सर्पदंशाचे निघाले 562. त्यावरून देशाचा अंदाज वर्षाला सुमारे 45,900, म्हणजे दवाखान्यांच्या सरकारी नोंदीच्या तीसपटीहून जास्त. 2000 ते 2019 या वर्षांचा हिशेब 2020 साली आला, तो वर्षाला सरासरी 58 हजारांचा.

माझं म्हणणं एवढंच की ही माहिती अपुरी असली तरी आमच्या कोऱ्या रकान्यापेक्षा खरी आहे. कोणाला पटत नसेल तर कारण सांगा, टवाळी नको.

हिशेबवही (धुळे):
नाना, टवाळी करत नाही. मी कर सल्लागार आहे, तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासतो. म्हणून बोलतो.

562 ला गुणून 45,900. आमच्या धंद्यात पावती नसलेला खर्च कोणी असा गुणून दाखवला तर मी सही करणार नाही. दुसरं, विचारणारा माणूस मरणानंतर कित्येक महिन्यांनी घरी जातो. तोवर घरच्यांनी एक कथा मनाशी पक्की केलेली असते. सर्पदंश म्हणजे कुणाचा दोष नाही, नशीब. फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या पोराचं मरणही काही घरं 'सापाने' सांगतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. दवाखान्याची वही अपुरी असेल, पण तिच्यात जे आहे ते डॉक्टरने डोळ्यांनी बघितलेलं आहे.

गिरणाकाठ:
भाऊ, गुणण्याचं आधी बोलू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कापसाची गाडी जिनिंगवर लागते तेव्हा व्यापारी सगळा कापूस मोजून बघतो का? दोन-चार ठिकाणी हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, दाबून ओल बघतो, कवडी (किडका, खराब कापूस) किती ते बघतो आणि अख्ख्या गाडीचा भाव बोलतो. तुम्ही आम्ही सगळे तो भाव मान्य करतो. पण कच्चा व्यापारी वरवरचा कापूस उचलतो, आणि कोरडा माल वर ठेवून ओला खाली दाबणारेही असतात. मुरलेला व्यापारी कोपरापर्यंत हात घालतो, मधून काढतो, बुडातून काढतो. मूठ लहान आहे म्हणून भाव चुकत नाही. मूठ कुठून काढली यावर तो चुकतो.

दवाखान्याची वही म्हणजे वरचा कापूस आहे. त्या अभ्यासात सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी फक्त 23 टक्के दवाखान्यात झाले होते. तुमची डोळ्यांनी बघितलेली नोंद खरीच आहे, पण ती गाडीच्या वरच्या थराची आहे. नमुना नोंदणीची गावं आणि वॉर्ड आधीच चिठ्ठी काढल्यासारखे निवडलेले असतात, तिथे कोण मेलं यावर निवड अवलंबून नसते.

आणि त्यांनी एकच आकडा ठोकून दिला नाही. 40,900 ते 50,900 असा पट्टा दिला. पावती नाही हे कबूल करून किती चूक असू शकते ते लिहिलं.

शहाद्याची डॉक्टर:
हिशेबवही भाऊंचा विषप्राशनाचा मुद्दा रास्त आहे, तशी चूक होते. पण उलट बाजूची चूक मी जास्त पाहिली आहे.

मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण भिंगातूनही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. घरचे सांगतात, "रात्री जेवला, पोटात दुखलं आणि सकाळी गेला." हा कागद वाचणारा डॉक्टर सर्पदंश लिहिणार नाही. म्हणजे घोणस आणि नागाचे मृत्यू बऱ्यापैकी सापडतात, मण्यारचे सुटतात.

साथरोगाच्या अभ्यासात आम्हाला हेच शिकवलं जातं. माहिती चुकीची आहे का, हा पहिला प्रश्न नसतो, कारण ती थोडीफार चुकीची असतेच. ती कोणत्या बाजूला झुकते आणि किती, हे विचारायचं. इथे दोन्ही बाजूंनी चूक आहे. माझ्या अनुभवाने सुटणारे जास्त आहेत, पण हा माझ्या वॉर्डातला अनुभव आहे, त्याला अभ्यास म्हणू नका.

सातपुड्याचा पावरा (धडगाव):
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. विचारणारा कोण आणि कोणत्या भाषेत विचारतो?

नानांनी वर 'पान लागलं' लिहिलं. शहरातून आलेला पोरगा ते ऐकून काय लिहील? आमच्या पाड्यांवर तर मराठीच दुसरी भाषा. माझी आजी मराठीत विचारलं तर सगळ्याला 'हो' म्हणते.

दुसरं म्हणजे दिवाळीनंतर आमची निम्मी घरं गुजरातला ऊसतोडीला जातात, होळीला परत येतात. त्या महिन्यांत सर्वेक्षण आलं की दाराला कुलूप. ज्यांच्या घरी माणूस भेटतो ती त्यातल्या त्यात बरी घरं, ज्यांना जावं लागत नाही. मग कागदावर आमचा तालुका आहे त्यापेक्षा सुखी दिसतो. पावसाळ्यात झोळीत घालून आणताना किती गेले, बडव्याकडे (आमच्याकडचा भगत) किती गेले, हे पाड्यावरच्या माणसाला विचारा, तो नावं सांगेल.

मी आकड्याच्या विरोधात नाही. पण आकडा काढणाऱ्याने कोणाला विचारलं नाही हेही लिहावं.

हिशेबवही:
पावरा दादांनी माझंच म्हणणं पक्कं केलं. आता माझा मोठा आक्षेप ऐका.

याच पद्धतीने, याच अभ्यासातून 2010 साली मलेरियाचा आकडा निघाला. 70 वर्षांखालचे वर्षाला 2 लाख 5 हजार मृत्यू. त्यावेळी जागतिक आरोग्य संघटनेचा भारताचा अंदाज होता 15 हजार. तफावत तेरापटीहून जास्त! संघटनेने आक्षेप घेतला की ताप येऊन मेलेल्याची घरच्यांनी सांगितलेली लक्षणं ऐकून मलेरिया ओळखता येत नाही. टायफॉइड, न्यूमोनिया, मेंदूज्वर, सगळ्यांत तापच. पद्धत एका रोगाला तीसपट दाखवते आणि दुसऱ्याला तेरापट. माझ्यासारख्याने संशय घ्यायचा की नाही?

शहाद्याची डॉक्टर:
घ्यायचा. मलेरियाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ताप ही शंभर रोगांची खूण आहे. पण साप चावला हे बहुतेक वेळा माणसाने स्वतः बघितलेलं असतं, मरण काही तासांत येतं, घरच्यांना साप कुठे दिसला तेही आठवतं. एकाच पद्धतीने विचारलं तरी उत्तराचा भरवसा रोगागणिक बदलतो. म्हणून मलेरियाचा आकडा वादात राहिला. सर्पदंश मात्र 2017 साली संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला, आणि 2024 मध्ये केंद्राने 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा काढला. आराखडा आला की अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) किती लागेल, कुठे लागेल, हे विचारायला जागा होते. दवाखान्याची वही धरून मागणी केली तर जिथे माणसं पोचत नाहीत तिथे औषधही पोचत नाही.

केळीबाग (रावेर):
विषय थोडा बाजूला नेतो, पण सोडवत नाही. 2020 च्या मे-जूनमध्ये कोरोनात आपल्या जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर, देशात गाजला. आमच्या केळीच्या भरणीला ट्रकवाले यायला तयार नव्हते. बहिणीच्या सासरचे फोनवर विचारायचे, तुमच्याकडे दहातला एक मरतो का? तो आकडा सरकारी होता, पावतीवाला. तो तरी खरा होता का?

शहाद्याची डॉक्टर:
दादा, हा याच विषयातला प्रश्न आहे. मृत्युदर म्हणजे वर मेलेले, खाली रुग्ण. त्या वेळी तपासण्या कमी आणि बहुतेक गंभीर माणसांच्या. म्हणजे भागणारा आकडाच खोटा लहान होता. वर लिहिलेलं मरण खरं, खाली लिहिलेले रुग्णही खरे, तरी भागाकार दिशाभूल करणारा.

त्याच मे-जूनमध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 70 जिल्ह्यांत रक्त तपासून पाहणी केली. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत जळगाव होता. जिल्ह्यामागे दहा गावं किंवा वॉर्ड, प्रत्येकी चाळीस प्रौढ. देशभरात 0.73 टक्के प्रौढांना लागण होऊन गेलेली निघाली. म्हणजे मे महिन्यात नोंदलेल्या एका रुग्णामागे ऐंशीहून जास्त माणसं न नोंदलेली. तपासणीचं किट स्वतः चुकतं, तेही त्या हिशेबात धरलं होतं. दहातला एक मरत नव्हता. पण मृत्यूही काही सुटलेच होते, म्हणून खरा दर अमुकच, असं मी आजही छातीठोक सांगणार नाही.

पोलीस पाटील (पारोळा तालुका):
मी वहीच्या दुसऱ्या टोकाला बसतो म्हणून लिहितो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला शासनाची 2 लाखांची मदत आहे, सर्पदंश त्यात येतो. ज्याच्या घरी सातबारा आहे ते लोक आता पंचनामा करतात, पीएमला नेतात. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तो सालदार, ती निंदणीची बाई, त्यांचे घरचे म्हणतात, कशाला चिरफाड? नोंद वाढली ती जमीनवाल्यांची. माझ्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी बघून कोणी म्हणेल की साप शेतमालकालाच चावतो. हिशेबवही साहेब, पावती असते ती पावतीचा फायदा असणाऱ्याकडे.

हिशेबवही:
पाटील, हे मात्र मला नवीन आहे आणि ते मी मानतो. व्यवहारातही असंच असतं, ज्याला परतावा मिळायचा असतो तोच बिल जपून ठेवतो.

तरी एक सोडत नाही. देशाचा पट्टा मी मान्य केला, समजा. आपल्या जिल्ह्याचं काय? देशात 562, त्यात जळगाव-धुळे-नंदुरबारचे असतील तर हाताच्या बोटांवर. उद्या कोणी भाषणात लोकसंख्येच्या हिशेबाने भागून 'खान्देशात इतके' म्हणाला तर ते मला चालणार नाही.

गिरणाकाठ:
मलाही चालणार नाही. तो आकडा देशाचा आहे, तालुक्याला लावायचा नाही.

जिल्ह्यासाठी वेगळी वाट आहे, आणि ती आपल्याच देशातली माहिती घेऊन दाखवलेली. 1949 साली चंद्रशेखर आणि डेमिंग या दोघांनी कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या जन्म-मृत्यू नोंदींवर ती मांडली. दोन वेगवेगळ्या वह्या घ्यायच्या आणि नावं ताडायची. समजा दवाखाना व पोलीस मिळून एका वहीत 40 नावं, आशाताईंनी घरोघर फिरून केलेल्या यादीत 30, आणि दोन्हीकडे असलेली 12. आशाताईंच्या तिसातले बाराच पहिल्या वहीत सापडले, म्हणजे ती वही दर दहातले चार पकडते. तर 40 वरून एकूण शंभर. वह्यांत प्रत्यक्ष दिसतात 58, उरलेले 42 कुठेच नाहीत, तरी त्यांचा अंदाज येतो.

हिशेबवही:
हे मला आवडलं, हे माझ्या भाषेत आहे. पण यात एक फट आहे. दोन वह्या एकमेकींपासून अलग पाहिजेत. आशाताईंनी उपकेंद्रातल्या कागदावरून नावं उतरवली तर जुळणारी नावं फुगतील, आणि एकूण आकडा खोटा कमी येईल. पाटील म्हणतात तो सालदार तर दोन्ही वह्यांतून सुटण्याचीच शक्यता जास्त. तेव्हाही आकडा कमीच येईल.

सातपुड्याचा पावरा:
म्हणून तिसरी यादी पाड्यावरच्या माणसाने करावी, पावरीत विचारून, आणि होळीच्या आठवड्यात. तेव्हा सगळी घरं उघडी असतात.

पोलीस पाटील:
नाना, माझ्याकडे पाच वर्षांच्या नोंदी आहेत. नावं बाहेर जाणार नाहीत एवढं लिहून द्या. पोळा झाला की या, तोवर निंदणी आटोपते आणि बाया घरी भेटतात.

हिशेबवही:
नावं ताडायचं काम मी करतो, वय आणि गाव धरून. पट्टा लिहिल्याशिवाय आकडा बाहेर जाऊ देणार नाही. आणि मलेरियाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.