प्रतिसाद: डच छापचित्रांतली गाय

‘डच छापचित्रातली गाय म्हणजे देशाची सुबत्ता’ असं म्हटलं जातं, ते सतराव्या शतकाला लागू पडतं, पण सरसकट नाही. डच चित्रकार लुकास व्हान लायडनचं १५१० चं ‘गवळण’ पाहा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, आकार पोस्टकार्डाहून जेमतेम मोठा. मधोमध आडवी गाय, एका बाजूला गडी, दुसरीकडे चरवी घेतलेली पोरगी. आणि गड्याची नजर गाईकडे नाहीच!

जुन्या डचमध्ये ‘मेल्कन’ म्हणजे दूध काढणं, तसंच भुलवणं, नादी लावणं. त्यामुळे काही अभ्यासक हे चित्र चावट कोटी म्हणून वाचतात. मला ते पटतं. तरी गाईच्या अंगावरच्या बारीक रेघा बघितल्या की वाटतं, कोटी राहू दे, गडी खरा रमलाय तो गाय कोरण्यात. हा गडी म्हणजे लुकास, चित्रातला नव्हे.