लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमधले शब्द : ‘रक्तातली चरबी’ आणि ‘काठावर’

प्रश्न (सोलापूर) : वडिलांच्या लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आलाय. टोटल कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड्स १८०, एचडीएल ३६, एलडीएल १४०. आई म्हणते, ‘रक्तात चरबी झालीय.’ वडील म्हणतात, ‘मी एवढा वाळलेला, मला कुठली चरबी?’ तरी भाकरीबरोबरची शेंगा चटणी बंद झालीच! ‘चरबी’ हा शब्द इथं बरोबर आहे का? आणि टोटलपुढं ‘बॉर्डरलाइन’ आहे, म्हणजे ‘काठावर’ ना?

प्रतिसाद १ : अंगावरची चरबी म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड्स. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा वेगळा पदार्थ, बराचसा यकृतातच तयार होतो; पेशींची आवरणं, पित्त, काही हार्मोन्स यांना तो लागतोच. त्यामुळं वाळलेल्या माणसाचंही वाढतं. ‘चरबी’ म्हटलं की बारीक माणसं निर्धास्त राहतात, म्हणून मला तो शब्द नको वाटतो. सरळ कोलेस्टेरॉल म्हणा, सगळ्यांना कळतं.

एचडीएल आणि एलडीएल हे त्याचे वाहक. माल तोच, गाड्या वेगळ्या. एलडीएलचा माल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतो, एचडीएल तो यकृताकडं परत नेतं.

चटणीचं म्हणाल, तर कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असतं. शेंगदाण्यात ते नाहीच. बीपी असेल तर मीठ बघा, बाकी चमचाभर खाऊ द्या की त्यांना.

प्रतिसाद २ : ‘काठावर’ला माझा ठाम विरोध. आपल्याकडं ‘काठावर पास’ म्हणतात, म्हणजे सुटलो! इथं २०० च्या आत हवं. २०० ते २३९ म्हणजे हद्द ओलांडलेली. ‘थोडं वाढलेलं’ म्हणा. आणि सगळे त्या २१२ कडंच बघताय. पुरुषांचं एचडीएल ४० च्या खाली असणं वाईट, इथं ३६ आहे. ‘कमी’ शब्द बघून खूश होऊ नका. ट्रायग्लिसराइड्सही १५० च्या आत हवेत. एलडीएल किती हवं हे मात्र माणसागणिक बदलतं. हृदयविकार असेल तर ७० च्याही खाली आणायला सांगतात. शुगर, बीपी, तंबाखू, सगळं डॉक्टरांना सांगा.

प्रश्नकर्ता : एलडीएलपुढं ‘कॅल्क्युलेटेड’ आहे, ते काय?

प्रतिसाद १ : मोजलेलं नाही, हिशेबानं काढलेलं. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करायचा : २१२ वजा ३६ वजा ३६, १४०. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही, मग ‘डायरेक्ट एलडीएल’ करून घ्यावं लागतं.