‘मी’ किती आणि कुठे

एकांनी लिहिलंय की ललित लेखात ‘मी’ जितका कमी तितका लेख चांगला. अर्धंच पटलं.

इरावती कर्व्यांचा पंढरीच्या वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख आठवा. त्या मानववंशशास्त्रज्ञ, तरी दिंडीत चालणारी बाई लेखातून बाजूला होत नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांना खुपतं, आणि त्या दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवतात. हा ‘मी’ काढला तर उरेल ती नुसती नोंद.

माझं सांगतो. ठाण्यात तलावपाळीवर एक भेळवाला आहे. त्याच्यावर लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात माझं बालपण, माझी नोकरी, माझा एकटेपणा, आणि भेळवाला जेमतेम दोन ओळी! (बायकोने वाचून विचारलं, “भेळ कुठंय?”) ते सगळं काढलं. एक गोष्ट मात्र ठेवली. मी वही उघडली तसा तो चिमटीतला कांदा परत डब्यात टाकून हात पुसायला लागला, आणि मला एकदम ‘साहेब’ म्हणाला. त्याआधी वीस मिनिटं मी ‘भाऊ’ होतो.

इथे ‘मी’ लपवला असता तर ते खोटं झालं असतं, कारण भेळवाला बदलला तो माझ्या वहीमुळे. म्हणून ‘मी’ किती वेळा आला हे मी मोजत नाही. तो तिथे असल्याने समोरचं काही हललं का, एवढंच बघतो. बालपण मात्र गेलं ते बरंच झालं.