गावसकरांची १३ शतकं आणि लॉर्ड्सचे ते १७४ चेंडू

खडूस दादरकर
काल एका पोस्टमध्ये वाचलं की गावसकरांची वेस्ट इंडिजविरुद्धची १३ शतकं म्हणजे फुगवलेला आकडा. १९७१ ला तिकडे धड वेगवान गोलंदाज नव्हता आणि १९७८-७९ ला सगळे चांगले गोलंदाज पॅकरच्या खासगी क्रिकेट मालिकेत खेळायला गेले होते, असं म्हणणं. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९७१ ला पोरगा २१ वर्षांचा. बोटाच्या दुखण्याने पहिली कसोटी हुकली. उरलेल्या चारांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. शेवटच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत दात ठणकत असताना १२४ आणि २२०. पदार्पणाच्या मालिकेत एवढ्या धावा करणारा दुसरा दाखवा, गोलंदाजी कुठलीही घ्या. आणि १९८३ चं काय? जॉर्जटाऊनला रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल, गार्नर हे चौघेही वेगवान गोलंदाज समोर, आणि हे नाबाद १४७. त्याच वर्षी कानपूरला मार्शलने हातातली बॅट उडवली, तेव्हा लोक म्हणाले, संपला. पुढच्याच कसोटीत दिल्लीला ९४ चेंडूंत शतक, तेही हुक मारत. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी तिथे झाली. डिसेंबरात चेन्नईच्या चेपॉकला सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर उतरले, तर मार्शलने शून्यावरच दोघांना घरी पाठवलेलं. नाबाद २३६! हेल्मेट नाही. यात फुगवलेलं काय आहे ते सांगा.

ऑफस्टंप
दादरकर, ती पोस्ट माझी नव्हे, पण हिशेब करूच. १९७१ ची चार, १९७८-७९ ची चार. तेरातून आठ इथेच गेली. १९७६ ला ४०६ चा पाठलाग केला त्या सामन्यातलं १०२ तीन फिरकी गोलंदाज असलेल्या संघासमोर. त्या पराभवानंतरच त्यांचा कर्णधार लॉईडने फिरकी गुंडाळून वेगवान चौकडीचा रस्ता धरला. आणि १९७१ च्या त्याच गोलंदाजीसमोर दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा केल्या, किंग्स्टनला २१२. त्यांना कोणी 'तोफखान्यासमोर' म्हणतं का?

शिवाय स्वतःच्या विकेटपुढे त्यांना संघ दिसायचा का, हा प्रश्न मला कायम पडतो. लॉर्ड्स, ७ जून १९७५, पहिल्याच विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंड ४ बाद ३३४. आपण ६० षटकं खेळून ३ बाद १३२. त्यात यांचे १७४ चेंडूंत नाबाद ३६, चौकार एक. २०२ धावांनी हरलो आणि सात विकेट हातात!

कांगावाला
घ्या, आले ३६ वर. गावसकरांचा विषय निघाला की ३६ निघणारच. १०,१२२ कसोटी धावा, कसोटीत १०,००० चा उंबरठा ओलांडणारा जगातला पहिला माणूस, आणि आमच्या लोकांना आठवतं काय? एका दुपारचा हट्ट. चारच दिवसांनी ईस्ट आफ्रिकेविरुद्ध नाबाद ६५ करून दहा गडी राखून जिंकून दिलं, ते कोणी लिहीत नाही.

मी मुंबईची पावसाळी कांगा लीग खेळलोय. पावसात भिजलेली विकेट, घोट्याच्या वर गवत. चेंडू कधी छातीवर येईल, कधी सरपटत जाईल, सांगता यायचं नाही. तिथे तासभर उभं राहून दाखवा, मग सोडलेल्या चेंडूची किंमत कळेल.

ऑफस्टंप
ईस्ट आफ्रिकेने १२० केल्या होत्या हो. त्याचा दाखला कसला देता? आणि तुमच्या कांगा लीगने लॉर्ड्सच्या पाटा विकेटवरचे ३६ कसे माफ होतात?

गल्लीची आई
मध्ये बोलते, राग मानू नका. माझा मुलगा सलामीला खेळतो. १४ वर्षांखालच्या सामन्यात सकाळभर एक बाजू लावून धरली, नवा चेंडू जुना केला, मागच्या पोरांनी मग धावा कुटल्या. सामना जिंकलो. पुढच्या सामन्यात तो बाहेर! प्रशिक्षक म्हणाले, "याच्यात स्ट्राइक रेट नाही." पोरगं दोन दिवस जेवलं नाही. त्याचे आजोबा त्याला गावसकरांच्या ओव्हलवरच्या २२१ धावांची गोष्ट सांगतात, ४३८ चा पाठलाग, ८ बाद ४२९, नऊ धावा कमी पडल्या ती. आता तो विचारतो, मला गावसकर कशाला शिकवता? काय सांगू त्याला?

ऑफस्टंप
ताई, मुलावर अन्याय झाला हे मान्य. पण त्याचा लॉर्ड्सशी काय संबंध? तुमच्या मुलाने संघासाठी चेंडू खाल्ले. लॉर्ड्सला कोणासाठी खाल्ले?

कांगावाला
संबंध आहे! तुमच्यासारखे लोक एका ३६ वरून अख्ख्या बचावाला 'स्वार्थ' म्हणायला लागले, आणि त्यातूनच हे प्रशिक्षक तयार झाले. नेटमध्ये पहिल्या दिवसापासून पोरांना उचलून मारायला शिकवतात. डावा पाय चेंडूपर्यंत नेऊन बॅट-पॅडमध्ये फट न ठेवता चेंडू पायाशी मारायचा, हे शिकवणारा आज शोधून दाखवा.

ऑफस्टंप
कमाल आहे! मी एक सामना सांगितला तर देशातलं प्रशिक्षण माझ्या डोक्यावर. तुम्हाला उत्तर देण्यात अर्थ नाही.

खडूस दादरकर
दोघेही थांबा. लॉर्ड्सच्या त्या डावाचं समर्थन मी करणार नाही, खुद्द गावसकरांनीही कधी केलं नाही. पण स्वार्थी म्हणता तर मार्च १९८७ चं बंगळुरू घ्या. शेवटचा कसोटी डाव, पाकिस्तानविरुद्ध २२१ हवे होते, इक्बाल कासिम आणि तौसिफचा चेंडू हातभर वळत होता, मध्येच उसळत होता. १०,००० तर आदल्याच कसोटीत अहमदाबादला झालेले. तरी ९६ पर्यंत एकटे लढले. ते गेले आणि आपण १६ धावांनी हरलो. स्वतःपुरता खेळणारा त्या विकेटवर इतका वेळ मार खात बसत नाही.

ऑफस्टंप
बंगळुरूच्या ९६ ला मी कधीच नाव ठेवलं नव्हतं. १९८३ ची तीन शतकंही घ्या, ती अस्सल, जा. १९७८-७९ ची चार मात्र देणार नाही.

कांगावाला
त्याच १९७८-७९ च्या मालिकेत मार्शलचं पदार्पण झालं.

ऑफस्टंप
वीस वर्षांचा, कोवळा मार्शल! त्याचं नाव कशाला पुढे करता?

गल्लीची आई
माझा प्रश्न राहिलाच. पायाशी चेंडू मारायला शिकवणारं कोणी माहीत असेल तर सांगा. लांब असलं तरी चालेल, मी नेईन त्याला.