मेक्सिकन हॉटेलात बिनतिखट काय मागवू? मदत हवी आहे

मंडळी, शनिवारी वहिनीचा वाढदिवस आहे आणि तिने लोअर परळला मेक्सिकन ठरवलंय, आणि मी म्हणजे मिसळीत कटाऐवजी दही घालून खाणारा माणूस 😅 मागच्या वेळी अंधेरीत एका ठिकाणी नाचोजवरची हिरवी चकती लोणच्याची काकडी समजून तोंडात टाकली, ती निघाली हालापेन्यो, म्हणजे मेक्सिकन हिरवी मिरची! डोळ्यांतून घळाघळा पाणी, वर गटागटा पाणी प्यायलो तर आग अजूनच पसरली, शेवटी बाजूच्या वाटीतलं सावर क्रीम चमच्याने चाटून संपवलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. वेटर हसत होता ते वेगळंच.

तर आता केसादिया घ्यावा असं डोक्यात आहे, पोळीत चीजच तर असतं ना, की आत मिरची दडवतात? ग्वाकामोलेत (ती अवाकाडोची चटणी) मिरची घालतात म्हणे, मग ती वगळून देतील का, की आधीच कालवून ठेवलेलं असतं? चिपोत्ले सॉस बार्बेक्यूसारखा गोडसर असेल वाटलेलं, पण तो धुरावलेला हालापेन्योच निघाला, म्हणजे तोही बाद. बरिटोत भात-राजमा असतो तो चालेल का? ऑर्डर देताना नेमकं काय सांगायचं तेही सांगा, कारण 'कम तीखा' म्हटलं की इथे कोणी मनावर घेत नाही.