प्रतिसाद: घडाघडा वाचणं आणि समजणं

वर कोणी लिहिलंय की मूल घडाघडा वाचू लागलं की पहिली-दुसरीचं काम झालं. मला हे पटत नाही. मी नागपुरात डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची पदविका) करतेय. इथल्या वर्गात घरी हिंदी बोलणारी बरीच मुलं असतात. लिपी एकच, त्यामुळे ती मराठी धडा न अडखळता वाचतात. गोष्टीतली मुलगी का रडली असं विचारलं की गप्प! कानाला सगळं छान वाटतं, म्हणून ही मुलं बाईंच्या नजरेतून सुटतात. त्यापेक्षा अडखळणारं मूल लवकर सापडतं.

२०२१ च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानातही तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द म्हटलंय, पण अर्थासह. आपण घड्याळ तेवढं धरलं. पुढे गणितातलं शाब्दिक उदाहरण चुकतं ते बेरजेमुळे नाही, ‘पेक्षा’ कळत नाही म्हणून.

मला स्वतःला शिकवायचंय ते असं: आधी गोष्ट सांगायची, त्यावर मुलांना हिंदीत, वऱ्हाडीत, जमेल तसं बोलू द्यायचं, मग पुस्तक उघडायचं. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला वेळ कसा काढता, अनुभवी शिक्षकांनी जरूर लिहा.